रंगवही कुठल्या दुकानातून आली

१

सोमवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी कृत्रिम डोळ्यांच्या कार्यशाळेतला टॅब उघडला गेला, आणि त्यातली रंगवही कोरी निघाली.

रंगवही हे ॲपचं नाव. सहा वर्षांत कार्यशाळेने तीनशे चाळीस माणसांचे डोळे बनवले होते. प्रत्येकाच्या बुबुळाला कोणते रंग लागले, कोणता आधी, कोणता नंतर, किती थर, याची नोंद त्यात होती. असा डोळा पाच-सहा वर्षांनी बदलावा लागतो. नोंद हाताशी असली तर काम अर्ध्या दिवसाचं. नसली तर माणसाला दोन दिवस खुर्चीत बसवून पहिल्यापासून रंग जुळवत बसायचं.

त्या सकाळी पडद्यावर एकच ओळ होती, चांगली ठळक आणि मोठी: नवीन वही सुरू करा.

दहा वाजेपर्यंत खापर कुणावर फोडायचं ते ठरलं होतं. कार्यशाळेत काम करणारी माणसं चार. मालकीणबाई, ज्यांना पेशंटसुद्धा आत्या म्हणत. त्यांचा भाचा, जो फोन, तारखा आणि पत्रं सांभाळायचा. साचे ओतणारे मिस्त्री. आणि बुबुळं रंगवणारी छोटी. वय एकतीस, पण चार वर्षांपूर्वी सगळ्यात शेवटी आली म्हणून छोटी. छोटीने गेल्याच आठवड्यात दुसऱ्या एका कार्यशाळेला फोन केला होता, आणि भाच्याने तो ऐकला होता.

मंगळवारी दुपारी भाच्याने पत्र लिहून काढलं. या धंद्यात कार्यशाळा मोजून पाच. बाकीच्या चार ठिकाणी कळवायचं होतं की अमुक बाईने जाताना नोंदी पुसल्या, तिला कामावर घेताना विचार करावा. पत्र साडेपाचला जाणार होतं. ते गेलं की छोटीला बुबुळ रंगवायला जगात जागा उरणार नव्हती. दुसरं कुठलंही काम तिला येत नव्हतं.

अडीच वाजता मिस्त्री हाताला लागलेलं प्लास्टर न धुताच जिना चढून वरच्या मजल्यावर गेले.

२

वरच्या मजल्यावर तक्रारबाई राहायच्या. एका ॲप-दुकानाच्या तक्रार विभागात त्यांनी चौदा वर्षं लोकांच्या तक्रारी वाचल्या होत्या. नोकरी सुटली, नाव राहिलं.

"पोरीने काही केलेलं नाही," मिस्त्री म्हणाले.

"तुम्हाला कसं माहीत?"

"माहीत नाही. म्हणून तर वर आलो."

तक्रारबाईंनी चपला घातल्या.

खाली आल्यावर त्यांनी आधी खोली पाहिली. खिडकीशी रंगवायचं टेबल, त्यावर भिंग, कुंचल्यांचा पेला, रंगांच्या नळ्यांचा ट्रे. प्रत्येक नळीच्या मानेला दोरा बांधलेला होता. एकीला एक गाठ, एकीला दोन, पिवळ्याला चार.

"हे काय?"

"आत्यांची पद्धत," छोटी म्हणाली. तिचे डोळे रडून सुजले होते, पण आवाज सरळ होता. "चार-पाच महिने झाले. नळ्या इकडच्या तिकडे होतात म्हणून."

आत्या पलीकडे खुर्चीत बसल्या होत्या. अडुसष्ट वर्षांच्या, पाठ ताठ. त्यांनी मान वळवली आणि तक्रारबाईंच्या डाव्या कानाकडे बघत म्हणाल्या, "बसा. चहा घ्याल?"

"आधी टॅब द्या."

टॅब भाच्याने दिला, आणि देतादेताच सुरू झाला. "बघण्यासारखं काही नाही त्यात. शनिवारी सगळ्यात शेवटी ही गेली. सोमवारी वही कोरी. अजून काय पाहिजे?"

"मी काही केलं नाही," छोटी म्हणाली. "अपडेट आलं असेल. आपोआप झालं असेल."

तक्रारबाईंनी सुस्कारा टाकला. 'आपोआप झालं' हे शब्द त्यांनी चौदा वर्षांत इतक्या वेळा वाचले होते की झोपेतही ओळखले असते. टॅबच्या कव्हरच्या आतल्या बाजूला एक जुनी, पिवळी पडलेली पावती चिकटवलेली होती. रंगवही, सहा वर्षांपूर्वी घेतलेलं, वर केशरी पिशवीचं चित्र. त्यांनी पावती वाचली, मग टॅबच्या सेटिंगमध्ये शिरून रंगवहीची माहिती उघडली आणि तिथली सगळ्यात खालची ओळ दोनदा वाचली.

"छोटी, तू म्हणतेस ते खोटं आहे," त्या म्हणाल्या.

भाच्याने टाळी वाजवल्यासारखे हात एकत्र आणले.

"आणि तुम्ही म्हणता तेही," त्या त्याला म्हणाल्या.

३

"ही पावती काय सांगते? ॲप केशरी दुकानातून आलं. ते दुकान टॅब बनवणाऱ्या कंपनीचं. आणि टॅब आज काय सांगतो?" त्यांनी पडदा सगळ्यांकडे फिरवला. "ॲप निळ्या दुकानातून आलं."

"दोन्हीकडे मिळतं ते," भाचा म्हणाला. "त्यात काय?"

"मिळतं. पण ॲप ज्या दुकानातून आलं त्याच दुकानाचं राहतं. नवीन आवृत्ती तेच दुकान देणार, पैसे भरल्याची खूण त्याच दुकानात. दुसऱ्या दुकानाची प्रत वरून चढवायला गेलात तर टॅब आधी तिच्यावरचा दुकानाचा शिक्का बघतो. इथे दोन्ही प्रतींचे शिक्के वेगळे. म्हणजे एक दुसरीवर बसत नाही. अपडेटमुळे दुकान बदलत नसतं. आधीचं ॲप कुणीतरी हाताने काढलं, आणि काढताना वहीही गेली. मग निळ्यातून नवीन घेतलं."

"मग परत केशरीतून घ्या," मिस्त्री म्हणाले. "असेल तिथे वही."

ही आशा तपासून पाहायला पाऊण तास गेला. केशरी दुकानाच्या मदत केंद्राने पंचवीस मिनिटं संगीत ऐकवलं आणि मग सांगितलं की बनवणाऱ्याने दोन वर्षांपूर्वी ॲप त्यांच्याकडून काढून घेतलं, आता निळ्या दुकानाला विचारा. निळ्या दुकानातल्या मुलीने पावतीवरचा आकडा मागितला, तो तीनदा लिहून घेतला आणि म्हणाली, "हा आमचा आकडा नाही. आपण आमच्याकडून घेतलेलं नाही." तक्रारबाई म्हणाल्या, टॅबवर तुमचंच नाव आहे. मुलीने खातं तपासलं आणि म्हणाली, मग त्यात नोंदी नसणारच, ते परवाच घेतलंय. एवढं बोलून तिने सेवेबद्दल एक ते पाच गुण मागितले.

"तुम्ही पण असंच बोलायचात का?" मिस्त्रींनी विचारलं.

"मी लिहायचे. बोलणारे वेगळे." तक्रारबाईंनी फोन जरा जोरातच ठेवला. "वही दोन्ही दुकानांत नाही. ती फक्त या टॅबवर होती. तुम्ही तिची प्रत ठेवत होतात ना?"

प्रश्न भाच्याला होता. त्याने पत्राची घडी नीट केली.

"दर महिन्याला ठेवतो म्हणून तूच सांगायचास," आत्या म्हणाल्या.

"ठेवणार होतो."

"कधीपासून?"

"सहा वर्षं झाली," तो म्हणाला, आणि मग चिडला. "हो, नाही ठेवली. म्हणून काय मी पुसली? हिने पुसली. ती दुकानातली मुलगी म्हणाली ना, परवा घेतलंय? निळ्या दुकानातून घरी बसून लांबूनही ॲप टाकता येतं. हिला खात्याचा पासवर्ड माहीत आहे. भिंतीवरच तर लिहिलाय."

ते खरं होतं. पासवर्ड कॅलेंडरच्या बाजूला, लाल शाईने लिहिलेला होता.

सगळ्यांनी छोटीकडे पाहिलं. चार वाजून पाच मिनिटं झाली होती.

४

"टाकता येतं," तक्रारबाई म्हणाल्या. "पण त्याआधी जुनं काढायला लागतं. निळं दुकान स्वतः दिलेलं ॲप लांबून काढेलही. केशरीने दिलेल्याला ते हात लावू शकत नाही, ते त्याच्या हद्दीत येतच नाही. म्हणजे जुनं ॲप काढायला टॅब हातातच हवा. आणि परवा म्हणजे रविवार. रविवारी छोटीकडे टॅब होता का?"

"टॅब इथल्या कपाटात असतो," मिस्त्री म्हणाले. "आणि पोरीकडे किल्लीच नाही. मी चार वेळा म्हटलं, तिला एक किल्ली करून द्या."

"शनिवारी जाताना हिने जुनं काढलं, रविवारी घरून नवीन टाकलं," भाचा म्हणाला.

वाईट तर्क नव्हता. तक्रारबाईंनी तसं त्याला सांगितलंही. मग विचारलं, "कशासाठी?"

"त्रास द्यायला."

"त्रास द्यायचा तर ॲप काढायचं आणि घरी जायचं. ते परत आणून कोण बसवतं? दुकान फोडणारा माणूस दुसऱ्या दिवशी येऊन नवीन कुलूप लावून जातो का?"

मिस्त्री हसले. भाचा हसला नाही.

"छोटी, फोनचं सांग. दुसऱ्या कार्यशाळेला कशाला केला होतास?"

"पगारासाठी नाही काही," छोटी म्हणाली. "शिकायला. गेले चार महिने आत्या मला शेवटचे थर दाखवतच नाहीत. आधी शेजारी बसवून दाखवायच्या. आता म्हणतात, तूच कर, आणि काय दिसतं ते मोठ्याने सांग. मी सांगते, त्या हं म्हणतात. मला वाटलं, माझ्यावर राग आहे. म्हणून विचारलं तिकडे, कोणी शिकवेल का."

आत्यांचा अंगठा टेबलाच्या कडेवरून सावकाश पुढे गेला आणि पेल्याला लागून थांबला.

"रंगवहीत हल्ली काही वेगळं दिसत होतं का?"

"रोज वरती एक पट्टी यायची. नवीन आवृत्ती आली आहे, इथे दाबा. दोन महिने तेच. दाबलं की निळं दुकान उघडायचं आणि म्हणायचं, हे ॲप दुसरीकडून आलंय, अद्ययावत करता येत नाही. डोक्याला नुसता ताप. मी फुली मारून पुढे जायचे."

"मी पण," भाचा म्हणाला.

"मी टॅबला हात लावत नाही," मिस्त्री म्हणाले. "माझे हात प्लास्टरचे."

तक्रारबाई आत्यांकडे वळल्या. "आणि तुम्ही?"

"या दुकानांचं मला काही कळत नाही हो," आत्या म्हणाल्या. "पांढरा रंग मी आजवर नऊ दुकानांतून आणला असेल. नाव तेच, आकडा तोच, म्हणजे रंग तोच. कुठल्या दुकानातून आणला याने डोळ्यात फरक पडत नाही."

भाच्याने घड्याळ पाहिलं आणि पत्र त्यांच्यासमोर ठेवलं. "आत्या, सही कर. साडेपाचच्या आत सगळीकडे जायला हवं."

"वाच," आत्या म्हणाल्या.

त्याने वाचून दाखवलं. छोटी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. आत्यांनी पेन घेतलं आणि सही केली. सही रेघेवर पडली नाही. ती रेघेच्या दोन बोटं वर, पत्रातल्या शेवटच्या वाक्यावरून गेली.

तक्रारबाईंनी हात पुढे करून ते पत्र आपल्याकडे ओढलं.

"हे आज जाणार नाही," त्या म्हणाल्या.

५

"मला इथे अजून अर्धा तास द्या आणि मिस्त्रींचा चष्मा द्या."

मिस्त्रींनी चष्मा काढून दिला. काचा बाटलीच्या बुडासारख्या होत्या. तक्रारबाईंनी टॅब त्यांच्यासमोर धरला. "वाचा."

मिस्त्रींनी टॅब नाकाशी नेला आणि चष्म्याशिवाय खडाखडा वाचलं, तळातल्या बारीक तारखेसकट. "लांबचं दिसत नाही मला," ते म्हणाले. "जवळचं मुंगीच्या पायापर्यंत दिसतं. साचे असेच बघतो."

"म्हणजे तुम्ही नाही."

"मी काय नाही?"

तक्रारबाईंनी निळ्या दुकानातलं रंगवहीचं पान उघडलं आणि 'नवीन काय' या मथळ्याखालची ओळ वाचली. "आता अक्षरं तिप्पट मोठी करता येतील." मग त्या ॲपमध्ये परत आल्या. "हे पहिल्यांदा उघडलं की ॲप विचारतं, अक्षरं केवढी हवीत. सोमवारी सकाळी तुम्हाला हा प्रश्न दिसला?"

"नाही," भाचा म्हणाला. "सरळ 'नवीन वही' आलं."

"कारण रविवारी कुणीतरी उत्तर देऊन ठेवलं होतं. सगळ्यात मोठी. तुम्हाला वाटलं, ॲपच तसं आहे. छोटी शनिवारी ॲप काढून रविवारी घरून टाकू शकली असती. पण घरी बसून टॅबवरचा हा प्रश्न तिला सोडवता आला नसता. त्यासाठी पडद्यावर बोट ठेवावं लागतं, आणि रविवारी ते इथेच ठेवलं गेलं. रविवारी किल्ली कुणाकडे होती? तुमच्याकडे, मिस्त्रींकडे, आणि मागच्या खोलीत राहणाऱ्या आत्यांकडे. मिस्त्रींना मोठी अक्षरं नकोत. तुमचं पत्र मी पाहिलं, मुंगीपेक्षा बारीक लिहिता."

भाचा आत्यांकडे वळला.

"नळ्यांना गाठी कशासाठी, हे मला आल्या आल्या विचारावंसं वाटलं होतं," तक्रारबाई हळू आवाजात म्हणाल्या. आता त्या एकट्या आत्यांशी बोलत होत्या. "तुम्ही माझ्या कानाकडे बघून बोलता. समोर जे असतं ते मधोमध दिसत नाही ना? कडेने दिसतं."

कोपऱ्यातल्या शेगडीवर मिस्त्रींनी साच्यांसाठी ठेवलेलं पातेल्यातलं पाणी उकळत होतं. शेगडी बंद करायला कोणी उठलं नाही.

६

"मधे राखाडी ठिपका आहे," आत्या म्हणाल्या. "दोन्हीत. गेल्या हिवाळ्यात लहान होता."

"आत्या," भाचा म्हणाला.

"थांब, बोलू दे. नोंदी मला वाचता येईनात. हिला रोज किती वेळा वाचायला सांगू? पट्टीवर 'मोठी अक्षरं' असं लिहिलेलं मला भिंगातून दिसलं. रविवारी दाबलं. नाही म्हणालं. तीनदा दाबलं, तीनदा नाही. आधीचं आहे म्हणून हे बसत नाही, म्हणालं. मी म्हटलं, ठीक आहे, नळी संपली की जुनी काढून नवीन ठेवतो, तसं. जुनं काढलं. ते काहीतरी विचारत होतं, बारीक अक्षरांत. मी हो म्हटलं."

"काय विचारत होतं?" मिस्त्रींनी विचारलं.

"सर्व माहिती पुसायची का," तक्रारबाई म्हणाल्या. "तेच विचारतं."

"नवीन आलं. अक्षरं एवढाली मोठी झाली, बरं वाटलं. आणि मग त्यात काहीच नव्हतं." आत्यांनी पेला हातात घेतला आणि परत ठेवला. "सोमवारी सांगणारच होते. पण सांगायचं तर मी तिथे काय करायला गेले होते तेही सांगावं लागलं असतं. डोळे रंगवणाऱ्या बाईला दिसत नाही, हे एकदा बाहेर गेलं की दार बंद. तेवढ्यात हा म्हणाला, छोटीने केलं. मी गप्प बसले. काल दिवसभर गप्प बसले. आज सही केली."

छोटी भिंतीपासून वळली. "चार महिने मला वाटत होतं, माझं काम बिघडलंय."

"तुझं काम चांगलं आहे. तू सांगायचीस त्यावरून मला कळत होतं."

"मग हे मला सांगायचं होतंत, आत्या." ती रडत नव्हती. संतापली होती, आणि सगळा दिवस धरून ठेवलेला संताप आता तिला नेमका कुठे ठेवावा ते कळत नव्हतं. "माझ्याशी शेजारी बसून बोलायचं सोडून तुम्ही माझ्याविरुद्धचं पत्र ऐकून घेतलंत. शेवटपर्यंत. शांतपणे."

मिस्त्री उठले, पातेल्याखालची शेगडी बंद केली आणि आतल्या खोलीतून पत्र्याचे तीन डबे आणून टेबलावर ठेवले. डब्यांत बटणाएवढ्या रंगीत चकत्या होत्या, प्रत्येकीच्या मागे टाचणीने कोरलेला पेशंटचा आकडा. डोळा रंगवण्याआधी पेशंटच्या शेजारी बसून रंग ज्यावर करून बघतात, त्या चाचणीच्या चकत्या. काम झालं की टाकून द्यायच्या असतात.

"मला टाकवत नाहीत," मिस्त्री म्हणाले. "भाचेसाहेब दर वर्षी म्हणतात, कचरा काढा."

छोटीने एक चकती उचलून भिंगाखाली धरली, कड तिरकी केली. "थर दिसतात. सगळे नाही. पण दिसतात." मग ती म्हणाली, "तीनशे चाळीस. वर्ष जाईल."

"राहशील?" आत्यांनी विचारलं.

"पत्राचं काय?"

पाच वाजून वीस मिनिटं झाली होती. भाच्याने सही चुकलेलं पत्र फाडायला घेतलं, पण तक्रारबाईंनी ते घडी करून आपल्या पिशवीत ठेवलं. त्याने कोरा कागद ओढला. "काय लिहू? आपोआप झालं म्हणून लिहू का? म्हणजे कोणाचंच नाव येणार नाही."

"नको," आत्या म्हणाल्या. "लिही. काल आणि आज तुमच्यापैकी कुणाच्या कानावर आमच्या रंगवणाऱ्या बाईंबद्दल काही आलं असेल, तर ते खोटं आहे. वही माझ्या हातून गेली. मला नीट दिसत नाही, म्हणून गेली. यापुढे इथले डोळे त्याच रंगवतील आणि सही त्यांची असेल. तिचं पूर्ण नाव लिही. छोटी लिहू नकोस."

भाच्याने लिहिलं. या वेळी अक्षरं मोठी काढली. वाचून दाखवलं, कागद आत्यांसमोर ठेवला आणि पेन त्यांच्या हातात दिलं. पेनाचं टोक कागदावर अधांतरी फिरलं, एकदा वर, एकदा बाजूला.

राहीन असं छोटी अजून म्हणाली नव्हती. तिने रंगांच्या ट्रेमधली पोलादी पट्टी उचलली, सहीच्या रेघेखाली घट्ट धरली आणि आत्यांचा अंगठा पट्टीच्या कडेवर टेकवला.

"इथून," ती म्हणाली.